मेमरीची उगवण

रऊफचा अकोल्यातला धंदा कसा बसला, हे आता जो तो आपापलं मीठ टाकून सांगतो. कोणी म्हणतं, जहाँआरानं देवरावर करणी केली. कोणी म्हणतं, सुनेनं त्याच्या कॉम्प्युटरात काहीतरी सोडलं. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. करणीबिरणी काही नाही. मी मेमरी निवडायला गेले होते, बस्स.

आमचं घर अमरावतीला, नागपुरी गेटच्या अलीकडच्या गल्लीत. शादीची शूटिंग हा धंदा. मुलगा शाकीब माणसांच्या मांडवात कॅमेरा धरतो, सून अलीझा बायांच्या. आमच्यात बाया एकीकडे, माणसं एकीकडे. बायांच्या मांडवात पोरी ओढणी खाली टाकून हसतात, नाचतात, दंडापर्यंत मेंदी दाखवतात. तिथं शूटिंग बाईनंच करायची, आणि घरी आणून ती फिल्म कापायची-जोडायची तीही बाईनंच. पराया माणसाची नजर पडायची नाही, हा आमचा शब्द. मशीनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, खोलीला जाड पडदा आहे. आत जनान्याची फिल्म चालू असली की माझा नवरा स्वतःच्या घरात बाहेरून खाकरतो अन् चहा मागतो. लोक ह्या शब्दाचे पैसे देतात, कॅमेऱ्याचे नाही.

रऊफ माझा धाकटा देवर. आधी धंदा एकत्र होता. मग त्याला वाटलं, आपण मोठे झालो. पंच बसले. अकोल्याचं दुकान अन् दुकानाचं नाव त्याला, अमरावतीचं घर अन् मोठी मशीन आम्हाला. ती मशीन अलीझानं पसंत केलेली, आतली एक एक वस्तू विचारून घेतलेली. पण झाकण उघडणं, पुसणं हे काम नेहमी रऊफचं. वाटणीच्या दिवशीही त्यानंच ती बांधून दिली, वरून म्हणाला, "भाभी, माया जीव काढून देऊन राहिलो तुमाले." डोळे पुसले त्यानं. मीही पुसले. मूर्ख बाई.

त्यानंतरची पहिलीच शादी माझ्या माहेरची, अंजनगावची. आमच्या गल्लीतल्या खैरून आपाची पोरगी नगमा. अलीझानं जीव लावून शूटिंग केली. पण घरी मशीनवर घेतली तर मशीन चार पावलं चालायची अन् डोळे पांढरे करायची. एक गाणं बसवलं की बंद. सकाळपासून केलेलं सगळं गायब, पुन्हा पहिल्यापासून. मी रऊफला फोन लावला.

"व्हायरस आहे भाभी. सगळं पुसून टाका, नव्यानं भरा."

पुसलं, भरलं. तेच. पुन्हा फोन. "उन्हानं तापत असंन. कूलर लावा." कूलर लावला. आम्ही बाहेर घामानं भिजून राहिलो अन् मशीन थंड हवा खाऊन राहिली. तरी तेच. तोवर नगमाचा नवरा तिला घेऊन जेद्द्याला गेला. पोरगी आपली फिल्म न पाहता गेली. मग खैरून आपानं मिलादच्या मजलिशीत, भरल्या बायांत, माझ्या तोंडावर म्हटलं, "जहाँआराच्या घरी पोरीची शादी अडकते व माय. आपल्या पोरी तिच्याकडे देऊ नोका."

माहेरात. ज्या गल्लीत मी फ्रॉक घालून फिरले त्या गल्लीत. त्या दिवसापासून बायांची कामं यायची बंद झाली. आणि रऊफ अकोल्यात सांगत फिरायचा, "बायांच्या हाती मशीन देल्ली, दुसरं काय होणार?"

अलीझा गरीब स्वभावाची आहे, पण हट्टी आहे. एका सकाळी तिनं आणला पेचकस आणि काढलं झाकण. मी पडदा धरून उभी. ती आत बोट घालून थांबली.

"अम्मी, ह्या मी घेतलेल्या मेमऱ्या नाहीत."

"म्हंजे?"

"माझ्या मोठ्या होत्या. निळ्या पत्र्याच्या. ह्या जुन्या, छोट्या. कोण्या भंगार मशीनच्या."

मला काय कळतं मेमरी म्हणजे काय? तिनं समजावलं. फिल्म ठेवायची जागा वेगळी, ती धान्याच्या कोठीसारखी. ती मोठीच होती. पण काम करताना जेवढं हाताशी घ्यायचं, ते मेमरीत. चार गाणी, दोन कॅमेरे, वरून नावं, फुलं, सगळं एका वेळी तिथं शिजतं. मला लगेच कळलं. वलिम्याच्या जेवणाचा पुलाव चहाच्या गंजात शिजवायला ठेवून गेला होता माझा देवर. अन् वरून विचारतो, जळला काहून?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे. लहान भाऊ आहे माया."

"लहान आहे म्हणून काय घरात चोरी करंन?"

"पंचांसमोर वाटणी झाली. आता कोन मानंन? त्याच्या तोंडानं निघाल्याशिवाय कोनी मानत नाही."

ते मात्र तो खरं बोलला. मी ठरवलं, निघेल. त्याच्याच तोंडानं निघेल, आणि बायांसमोर निघेल.

मेमरी अमरावतीत मिळत नव्हती असं नाही. पण मी अलीझाला म्हटलं, अकोल्याला जाऊ. टिळक रोडच्या आतल्या गल्लीत तनवीरचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि त्याच्या बरोब्बर समोर रऊफचा स्टुडिओ. काच लावलेला, त्याच्याआड रऊफ बसलेला. मला त्याच्या डोळ्यांसमोर घ्यायची होती. आमच्या घरी नवी वस्तू येते हे त्याला दिसलं पाहिजे. तेवढाच राग होता तेव्हा. पुढचं दुकानात सुचलं.

मूर्तिजापूरवरून जाणारी बस घेतली. ते दिवस कसे होते सांगायला नको. कापसानं सगळ्या वऱ्हाडाची कंबर मोडलेली. बसमध्ये लग्नाच्या गोष्टी कमी, पुढं ढकललेल्या लग्नांच्याच जास्त. आमच्या समाजात तर एकट्यानं शादी करणं लोकांनी सोडूनच दिलं होतं. इज्तिमाई शादी व्हायची: एका मांडवात पुष्कळ जोडपी, एकच जेवण, कमिटी सगळं पाहणार. शूटिंगवाल्यांना आता तेच काम राहिलं होतं. ज्याला कमिटीनं धरलं तो जगला. बाळापूरच्या कमिटीनं त्या साली माणसांची बाजू रऊफला दिली होती अन् बायांची भीत-भीत आम्हाला, कारण जनान्यात रऊफ जाऊ शकत नव्हता. माणसांची फिल्म स्वतः पाहून, बायांची घरच्या बायांकडून पाहून घेऊन मग पुढची सगळी कामं एकाच घरी द्यायची, असं त्यांनी ठरवलेलं. अलीझाची मशीन पुन्हा अडकली असती तर माझं नाव अंजनगावात गेलं होतं, तसं बाळापुरातही गेलं असतं. मग आम्ही पडदा धुवून चादर करायची.

तनवीर तिशीतला, चष्मेवाला, बोलायला गोड. "या चाची, किती जीबी पायजे?"

"मले नोको विचारू, सुनेले विचार. मी फक्त खोटं-खरं पाहाले आली."

अलीझा म्हणाली, "आठ जीबी. दोन-दोनच्या चार नको, चार-चारच्या दोन. एका जोडीतल्याच. पुढं वाढवायची झाली तर जागा राहते."

"विंडोज कोनती? जुनी असंन तर आठ टाकून फायदा नाही. ते तीनाच्या पुढं पाहतच नाही."

"नवी आहे. चौसष्ट बिटवाली."

"मग बरोबर." त्यानं दोन डब्या काढल्या. एकीत साधी हिरवी जोडी, उघडीनागडी. दुसरीत लाल चकाकत्या पत्र्याची, वर सोनेरी अक्षरं. "ही लाल पाहा चाची. एडिटिंगवाले हेच मागतात. पत्रा आहे, गरम होत नाही."

"नवरी जरीचं घालून आली म्हणून स्वैपाकाले चांगली असते का रे?"

"कंपनीचं सील आहे!"

"सील तर बोगस बियाण्यालेबी असते. होलोग्राम कसा, ईदच्या चांदावानी चमकते."

माझे अब्बा अंजनगावला कापूस पेरायचे. पाकीट फोडलं की आधी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचे. कोंब किती फुटले ते पाहायचे, मगच तिफण बाहेर काढायची. शेजारी हसायचे, की सरकारनं पास केलेलं बियाणं तू काय तपासतो. ज्या साली हसणाऱ्यांची वावरं उघडी राहिली त्या साली कोणी हसलं नाही. मी तनवीरला म्हटलं, "उगवण पाहिल्याबिगर मी काही नेत नाही. तुयाकडे असंन ना काही उगवण पाहाची तरकीब?"

तो हसला. "आहे चाची. पण लय टाइम लागते. कोनी थांबत नाही."

"आम्ही थांबतो. चहा सांग."

त्यानं दुकानातल्याच एका मशीनमध्ये लाल जोडी बसवली आणि तपासायची सीडी टाकली. निळा पडदा आला, त्यावर पांढरे आकडे पळायला लागले. आम्ही कूलरसमोर बसलो. बराच वेळ काही नाही. तनवीर म्हणाला, "पाहा, म्हटलं नव्हतं?" आणि तेवढ्यात खाली एक लाल ओळ उमटली. मग दुसरी. मग अशा उतरायला लागल्या, जशी कोणी मिरचीची पोती फोडली. तनवीरनं जोडी काढली, तिचे पिवळे दात खोडरबरानं घासले, दुसऱ्या खाचेत बसवली. पुन्हा लाल.

"कंपनीले वापस पाठवा लागंन," तो डोकं खाजवत म्हणाला. "ही चालूबी होते, दिसतेबी बरोबर, पण मोठं काम टाकलं की दगा देते."

"माया ओळखीचा एक माणूस आहे असा," मी म्हटलं.

हिरवी जोडी लावली. उन्हं कलून असरची अजान झाली तरी पडदा स्वच्छ. अलीझानं ती डबीत घालून पर्समध्ये खोल ठेवून दिली. लाल जोडी काउंटरवर तशीच पडलेली, उन्हात झळकत.

आणि दार उघडून रऊफ आत आला. काचेआडून किती वेळ पाहत होता कोण जाणे.

"भाभी! अकोल्यात, अन् घरी नाही आल्या?"

"घर कोनाचं? स्टुडिओवर तर तुयं नाव आहे."

तो हसला, पण डोळे काउंटरवर. मी ह्या घरात नवरी होऊन आले तेव्हा हा चड्डीत होता. स्वतःच्या ताटात मटणाची बोटी असली तरी भावाच्या ताटातली उचलायचा. तीच जास्त गोड लागायची त्याला. माणसाचं वय वाढतं, बोट तिथंच जातं.

"मेमरी घेऊन राहिल्या का? ही लाल? जबरदस्त आहे. कोनी सांगितली?"

"आम्ही दुपारपासून बसून पाहिलं सगळं," मी म्हटलं. "मी काय घेते अन् काय नाही, ते तुले काहून सांगू?" मग तनवीरकडे वळून, रऊफला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "तनवीर, ही लाल जोडी कोनाले देजो नोको. समजलं? बाजूले ठेव."

"हो चाची, ती तर ठेवाच लागते."

आम्ही निघालो. बसमध्ये अलीझा खिडकीकडे तोंड करून बसली. बोरगाव मंजू गेल्यावर म्हणाली, "अम्मी, तुमी मुद्दाम केलं."

"काय केलं? एक शब्द खोटा बोलली का मी?"

"नाही. म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी तनवीरचा फोन. बिचारा घाबरलेला. "चाची, रऊफचाचा लाल जोडी घेऊन गेले. मी म्हटलं, ही तपासात फेल आहे. ते म्हणे, मले येडा समजतो का? भाभीसाठी राखून राहिला अन् मले फेल सांगतो? जबरदस्तीनं बिल फाडलं."

"तू सांगितलं ना?"

"दोनदा सांगितलं."

"मग झोप निवांत."

हे ऐकून अलीझा माझ्याशी दिवसभर बोलली नाही. रोट्या करून माझ्यापुढं ठेवायची अन् निघून जायची. शेवटी म्हणाली, "दुल्ह्यांची फिल्म गेली तर? त्या पोरांचा काय गुन्हा?"

"कॅसेट तर राहतातच. तुयीच शिकवण आहे."

"कॅसेट राहतात. मुदत राहत नाही."

"मग जाऊ दे त्याची मुदत. नगमाची गेली तेव्हा कोनं विचारलं?"

बाळापूरची शादी झाली. किल्ल्याच्या खालच्या मैदानात मांडव, नदीकडून गरम वारा. अलीझा जनान्यात अशी फिरली, की बायांना कॅमेरा दिसलाच नाही, सून दिसली. एका नवरीची आई तर तिला म्हणाली, "बेटा, ते मशीन ठेव अन् जेऊन घे आधी." घरी आल्यावर मशीन पाण्यासारखी चालली. चार कॅमेऱ्यांइतकं काम एकदम टाकलं तरी तिनं डोळा मिटला नाही. हिरव्या उघड्यानागड्या जोडीनं सगळा बोजा उचलला.

तिकडचं मला माझी देवराणी, रऊफची बायको, फोनवर रडत सांगायची. फिल्म तयार होता होता नवरदेवाच्या तोंडावर हिरवे चौकोन यायचे. काजीसाहेबांची दाढी एकीकडे, हनुवटी एकीकडे. मग निळा पडदा अन् बंद. रऊफनं विंडोज बदलली. कोठी बदलली, म्हणजे हार्ड डिस्क. वायर बदलल्या. अमक्याची नजर लागली म्हणून लिंबू बांधलं. एक मेकॅनिक म्हणाला, मेमरी पाहू का? तर त्याच्यावर ओरडला, "मेमरीले हात लावू नोको! ती भाभीनं दुपारभर बसून निवडलेली आहे."

हे ऐकून मी फोन ठेवला अन् तोंडात पदर घालून हसले. माझ्या पारखीवर एवढा भरवसा माझ्या नवऱ्यानंही कधी ठेवला नाही.

मग रऊफ अकोल्यातल्या दुसऱ्या स्टुडिओवाल्यांकडे गेला. सगळ्यांना कधी ना कधी दुखवलेलं. कोणी मशीन दिली नाही. जुम्म्याला नमाजनंतर कमिटी फिल्म पाहणार. आणि त्याच्या आधी एका सकाळी रऊफ माझ्या दारात. हातात कॅसेटची पिशवी, दाढी वाढलेली.

त्या सकाळी कोण आलेलं असावं? दुल्हनींच्या आया फिल्म पाहायला येणार होत्या, ते ठरलेलं होतं. खैरून आपाला मी निरोप धाडून बोलावलं होतं, कारण मला माझं काम तिला दाखवायचं होतं. रऊफ येईल हे मला माहीत नव्हतं. पण आल्यावर मी अल्लाचे आभार मानले, की दोघांना एकाच दिवशी पाठवलं.

"भाभी, एक दिवस मशीन द्या. नाहीतर मी गेलो."

"आत जनाना बसला आहे. तू पडद्याच्या बाहेर बस."

तो पडद्याबाहेर जमिनीवर बसला. मी आत गेले, फिल्म थांबवायला सांगितली, अन् आतून म्हटलं, "मशीन देतो. आधी सांग, वाटणीच्या दिवशी आमच्या मशीनमधून काय काढलं?"

बाहेरून आलं, "भाभी, माणसात सांगतो ना, घरात..."

"माणसात सांगून काय करू? मायं नाव बायांत गेलं."

"भाभी..."

"कॅसेट उचल अन् जा मग."

पिशवीचा आवाज झाला, मग थांबला. पडद्यापलीकडून हळूच आलं, "मेमरी काढली होती. मोठी. छोटी टाकली."

खैरून आपा खाटेवरून पुढं झुकली. कानाला हात लावला. तिला चांगलं ऐकू येतं. "आवाज नाही आला रे बाबा. कोन बोलून राहिलं? मोठ्यानं बोल."

"मी रऊफ. मेमरी मी काढली होती, खाला. म्हणून नगमाची फिल्म अडकली. भाभीचा दोष नाही."

"अन् व्हायरस?"

"व्हायरस नव्हता."

"अन् हे बिचारे कूलर लावून बसले होते!" खैरून आपा बायांकडे वळून म्हणाली. सगळ्या खोलीत हशा उठला, असा की भिंतीवरची पाल पळाली. ती मात्र हसली नाही. माझ्याकडे पाहिलं, उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग पुन्हा खाटेवर जाऊन बसली. मोठी ताठ बाई आहे, माझ्याच गल्लीची.

अलीझानं त्याच्या कॅसेट घेतल्या. बायांची फिल्म संपेपर्यंत तो तिथंच बसून राहिला. मी नवऱ्याला सांगून त्याला चहा पाठवला, फुटक्या कपात नाही, चांगल्या कपात. सुनेनं दुल्ह्यांचं काम असं केलं जसं स्वतःच्या भावांचं. जुम्म्याला कमिटीनं माणसांची फिल्म पाहिली, बायांची त्यांच्या घरच्या बायांनी. दोन्हीच्या सुरुवातीला आमचं नाव. पुढच्या सगळ्या इज्तिमाई शाद्या आमच्या घरी आल्या. रऊफ आता अकोल्यात पासपोर्टचे फोटो काढतो अन् झेरॉक्स करतो.

जाताना त्यानं मला विचारलं होतं, "भाभी, माया मशीनमध्ये खराब काय होतं ते तरी सांगा."

"तनवीरनं दोनदा सांगितलं होतं," मी म्हटलं.

त्यानं कॅसेटची पिशवी उचलली. मग चप्पल घातली.

नवरा आजही म्हणतो, तुझं काळीज दगडाचं, आता माफ कर. ईदला रऊफ येतो. मी शीरखुर्मा देते, वाटी भरून देते, वरून चारोळी टाकते. माफीही देईन, कोणी मागितली तर. त्यानं आजवर माझ्याजवळ फक्त मशीन मागितली आहे.